ढिल्या खिळीच्या सुऱ्या

आमच्या घरात दोघे भाऊ, माझे बाबा आणि काका, वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्याच वर्षात त्या दोघांनी मिळून सुऱ्या केल्या. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. माझी नातसुद्धा हसते. हसू दे. मी हे लिहायला बसले आहे ते कुणाला हसवायला नाही. माझं वय झालं, दोघेही भाऊ केव्हाच गेले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी आजवर तोंड मिटून होते. आता बोलते. राग गेलेला नाही, आणि तो जायला हवा असं मला वाटतही नाही.

आम्ही डिचोलीचे चारी, म्हणजे लोखंडाचं काम करणारे. बाजारातून वर चढणाऱ्या रस्त्याला आमचं घर, घराला लागून भट्टीची खोप, आणि खोपीसमोरून दिवसभर खनिजाचे ट्रक. तुळशीवर तांबडी धूळ, वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर तांबडी धूळ. आई सकाळी पुसलेलं मेज दुपारी पुन्हा पुसायची आणि ट्रकवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिचं माहेर मुळगावचं. तिथल्या शेतात खाणीची माती उतरली होती, तेव्हा तिचा राग नुसत्या धुळीवरचा नव्हता. सकाळी पाववाल्या पोदेराची पोंय पोंय आली की गरम उंडे, दुपारी माशांचं हुमण आणि भात, संध्याकाळी उरलं असेल तर मऊ भाताची आटवल. आणि या सगळ्याच्या मागे खोपीतले दोन हातोडे. बाबांचा जड, थांबून थांबून पडणारा. काकाचा हलका, घाईघाईचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं कोण काय करतोय ते. गाव बाबांना ‘व्हडलो मेस्त’, थोरला मिस्त्री, म्हणायचा आणि काकाला ‘धाकटो मेस्त’. काकाने लग्न केलं नव्हतं. तो जेवायला आमच्यातच, बाबांच्या शेजारच्या पाटावर.

कोयते, आदोळ्या म्हणजे विळ्या, कुदळी सगळं व्हायचं, पण आमचं नाव होतं ते मिटायच्या सुरीचं. मुठीत मिटून खिशात ठेवायची ती सुरी. ट्रकवाले घ्यायचे, सुपारीवाले घ्यायचे, आमोण्याचे शेतकरी नदी ओलांडायच्या आधी आमच्याकडून घेऊन जायचे. ती एकट्याचं काम नव्हतीच. बाबा पातं घडवत, त्याच्या मुळाशी बुराक पाडत, भोकाला आमच्याकडे बुराक म्हणतात, आणि मग पातं तापवून त्याला पाणी देत. पुढचं सगळं काकाचं. लाकडाची मूठ, पाठीतली पोलादी कमान जिच्या जोरावर उघडलेलं पातं उघडं राहतं, आणि शेवटी खीळ. त्या एका बारीक खिळीवर पातं फिरतं. लोकांना वाटतं सुरी म्हणजे पातं. काका म्हणायचा, पातं कापतं ते भाजी, खीळ चुकली तर सुरी धन्यालाच कापते.

खीळ बसवणं म्हणजे काय हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. तार ओढून कानशीने घासायची. बुराकात घालताना ती आपोआप पडली तर फुकट, हातोडीने मारावी लागली तरी फुकट. अंगठ्याने दाबली की कुरकुरत आत गेली पाहिजे. मग पात्याच्या दोन्ही अंगांना तेलात भिजवलेला कागद सारायचा आणि खिळीची टोकं अगदी हलक्या हाताने ठोकत राहायचं, ती बटणासारखी पसरेपर्यंत. जोरात मारलं तर खीळ वाकते. पसरली की कागद ओढून काढायचा. कागदाएवढी जागा मागे उरते, आणि तेवढ्याशा जागेत पातं सुरेख फिरतं. कागद घातला नाही तर पातं आवळून बसतं. काका हे सांगताना एक वाक्य नेहमी जोडायचा, “खिळीचें डोकें फुगता, पोट फुगना.” म्हणजे बुराकात ढिली असलेली खीळ वरून कितीही ठोका, आत ती ढिलीच राहते. हे मला त्यानेच शिकवलं. त्यानेच. म्हणून माझा राग त्याच्यावर जास्त की बाबांवर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दहावी झाल्यावर आईला मला शिवणाच्या वर्गाला घालायचं होतं. मला काकाच्या बैठकीवर बसायचं होतं, दुसरं काही नको होतं. भाता ओढायला बायका चालतात, घाम गाळायला चालतात, ऐरणीवर बसायची वेळ आली की देव आडवा येतो. बाबा म्हणाले, “चेडवान ऐरणीर बसपाचें?” चेडू म्हणजे पोर, मुलगी. काका मान वर न करता म्हणाला, “बसूं दी रे. तिचो हात बरो आसा.” आणि हात बरा होताच. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात मी खीळ अशी धरायची की ठोकताना ती हलायची नाही. काकाची हलायची, वयाने त्याच्या हाताला कंप आला होता. तो मला म्हणाला, पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला तुझाही हातोडा पूजेला घालूया. आमच्यात दसऱ्याला हत्यारांची पूजा. ज्याचा हातोडा त्या पाटावर लागतो तो मेस्त. बाबा गुरगुरले, पण नाही म्हणाले नाहीत. मी तो हातोडा निवडूनही ठेवला होता, मूठ घासून माझ्या हाताएवढी केली होती.

मग राजभाषेचं सुरू झालं. गोव्याची भाषा कोंकणी की मराठी. बाबा मराठीचे. आमचं भजन मराठीत, पोथी मराठीत, जत्रेचं नाटक मराठीत, मग अर्ज काय दुसऱ्या भाषेत करायचा, असं त्यांचं म्हणणं. काका कोंकणीचा. “आवय उलयता ती भास म्हजी,” आई बोलते ती भाषा माझी, एवढंच त्याचं म्हणणं. गंमत बघा, हे भांडण दोघेही कोंकणीत करत, आणि पुरावा म्हणून दोघेही बाबांचं एकच मराठी वर्तमानपत्र एकमेकांच्या तोंडावर फडकवत. मोर्चे झाले, रस्ते अडवले, काही दिवस ट्रक बंद पडले आणि आमची तुळस हिरवी दिसली. आई म्हणाली, कुठलीही भाषा येऊ दे, हे ट्रक असेच राहू देत. घरात तेवढी एकच शहाणी होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं.

एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, “कोंकणी म्हण, पूण म्हज्या घरांत म्हणूं नाका.” काकाने हातातला घास ताटात ठेवला. “घर अर्दें म्हजें,” म्हणाला आणि उठला. त्या दिवसापासून दोघांची बोलणी बंद. मला भाषांबद्दल काहीही म्हणायचं नाही. मी लिहिते मराठीत, भांडते कोंकणीत, आणि देवापुढे दोन्हीत रडले आहे. माझी चीड आहे ती या दोन माणसांची. आपल्या सख्ख्या भावाशी बोलायला ज्यांना भाषा उरली नाही, ते कुठल्या भाषेसाठी भांडत होते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

काम मात्र चालूच. पोट कुणाला चुकलंय. बाबा पाती करून पांटलीत, वेताच्या टोपलीत, टाकत आणि मला हाक मारत, “तुज्या काकाक सांग, पातीं जालीं.” काका बसलेला चार हातांवर, त्याला सगळं ऐकू येतंय. मी पांटली उचलून चार हात चालायची आणि सांगायची, पाती झाली. काका म्हणायचा, “सांग ताका, आयकलें म्हूण.” मी परत फिरून सांगायची. सुरुवातीला मी हे मुकाट्याने केलं, मग कंटाळले, मग माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला लागली. एकदा पांटली मधेच जमिनीवर आपटून मी म्हटलं, मी काय टपालखात्यात नोकरीला आहे. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच घर फोडलं. आईने मला स्वयंपाकघरात नेऊन कांदा चिरायला बसवलं. जेवताना काकाचं ताट आता खोपीत जायचं. नेणारी मीच.

पावसाळ्याच्या आधी बाबांचं ड्रिलचं जुनं बीट तुटलं. नवीन आणलं ते जुन्यापेक्षा केसभर जाड निघालं. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, नंतर कळलं, पण इथेच सांगते, कारण सगळं इथेच झालं. केसभर जाड बीट म्हणजे बुराक केसभर मोठा. काकाला एवढंच सांगायचं होतं की तार जरा जाड घे. “बुराक व्हडलो जाला.” तीन शब्द. माझ्याकडूनही निरोप धाडता आला असता, पाती झाल्याचा धाडायचेच की. पण तसं सांगणं म्हणजे माझ्या कामात फरक पडला असं कबूल करणं, आणि धाकट्यापुढे ते कबूल करायला व्हडलो मेस्त तयार नव्हते. त्यांनी पाती पांटलीत टाकली आणि मला हाक मारली.

त्याच दिवसांत काकाने कागद घालायचं सोडलं. मला नवल वाटलं. मी तेलाची वाटी आणि कापलेले कागद नेहमीसारखे पुढे सरकवले तर त्याने हाताच्या पाठीने ढकलले. “त्या कागदाक हांव हात लावचों ना.” कागद अर्थातच बाबांच्या वर्तमानपत्राचे. घरात दुसरा कागद तो कुठला. मला वाटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो हाच. रागाने मी म्हटलं, “काका, वाण्याकडचा कागद आणून देऊ? त्याला भाषा नसते.” तो हसला नाही. “कागदाबगर बरें जाता,” म्हणाला आणि ठोकत राहिला. नव्या सुऱ्या उघडताना घट्ट लागत. मी उघडून पाहिल्या होत्या. घट्ट लागतात म्हणजे पक्क्या आहेत, असं कुणालाही वाटावं. मलाही वाटलं. ती पाती खिळीवर नव्हे, दोन्ही अंगांच्या दाबावर उभी होती. आठ-पंधरा दिवस वापरली की दाब सैल होतो, पातं डुलायला लागतं, आणि कमान त्याला धरून ठेवू शकत नाही. त्या सुऱ्या बाजारात जात राहिल्या.

मधेच गोवा घटक राज्य झालं. बाबांनी पेढे आणले, काकाने पेढे आणले. दोन पुडे, दोन दिशांनी, एकाच हलवायाकडचे. आईने दोन्ही पुडे एका ताटात ओतून देवापुढे ठेवले आणि दोघांनाही एकेक पेढा दिला. कोणता कुणाचा ते ओळखा म्हणाली.

चतुर्थी आली. आमचा गणपती एकच, त्याच्यावर टांगायची रानफळांची माटोळीही एकच. बाबा स्टुलावर चढून केवणीच्या दोराने कांगलां आणि घागऱ्या बांधत होते आणि काका खालून एकेक फळ वर देत होता, तोंड दुसरीकडे करून. मी चुलीपाशी नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, सारणासाठी सुकं खोबरं काढत होते. हातात आमचीच मिटायची सुरी, घरात वापरायला ठेवलेली त्या नव्यांतलीच एक. करवंटी आणि खोबरं यांच्यामध्ये टोक घालून दाबायचं, वाटी सुटते. हे मी शेकडो वेळा केलेलं. डाव्या हातानेही मूठ आवळून दाबलं, आणि पातं कमानीवरून सटकून माझ्या हातावर मिटलं. दुखलं नाही. आधी वाजलं, मग डाव्या हाताचं पहिलं बोट मला माझं वाटेना. खोबऱ्यावर रक्त सांडलं तेव्हा मला आधी आठवलं ते हे की सारण आता फुकट गेलं. माणूस काय काय विचार करतं.

आईच्या ओरडण्याने दोघे धावत आले. बाबांनी बोट पंच्यात आवळलं. काकाने सुरी उचलली, पातं दोन बोटांत धरून हलवलं आणि वर्षभरात पहिल्यांदा भावाकडे तोंड करून बोलला. “बुराक तुजो व्हडलो.” बाबा म्हणाले, “खीळ तुजी बारीक.” “तुवें सांगलें ना.” “तुका दिसलें ना?” माझ्या बोटातून रक्त गळतंय, मी भिंतीला टेकून बसलेय, आणि माझ्या डोक्यावर हे दोघे, तू सांगितलं नाहीस, तुला दिसलं नाही का, असं बोलतायत. कसे बोलतायत. वर्षाचं तुंबलेलं सगळं. आईने बाबांच्या पाठीत फाटकन धपाटा मारला तेव्हा कुठे गाडी आणायची आठवण झाली. डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली. पण आतली शीर तुटली होती ती तुटलीच. ते बोट आज या कागदावर सरळ पडलेलं आहे. वाकत नाही. खीळ धरायला ते बोट लागतं हे मी वर सांगितलंच. डॉक्टर म्हणाले, शिकणं-लिहिणं अडणार नाही, लग्नही अडणार नाही. आईने सुटकेचा श्वास सोडला. ऐरणीचं त्यांना कुणी विचारलं नाही. दसरा आला तेव्हा मी खोपीत पाऊल टाकलं नाही.

पण मी पुढे गेले. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीचं राहिलं. दोघे भाऊ बोलायला लागले ही बातमी वाड्यावर आरतीच्या आधी पोचली. जो तो येतोय, माझ्या पट्टी बांधलेल्या हाताला हात लावतोय आणि म्हणतोय, “देवान बरें केलें गो.” म्हणे माझ्या बोटाने घर जोडलं. बायका मला असं बघत होत्या जणू मी काही नवस फेडला. आरतीनंतर वाड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने गाऱ्हाणं घातलं. दोघां भावांत जें वायट आयिल्लें तें देवा तुवें चेडवाच्या बोटार निभावलें, तशी हांची जोडी अशीच राख. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. बाबांनी आणि काकाने एकाच नारळाला हात लावला. बाबांचे डोळे भरले होते. आई दाराशी उभी राहून पदर तोंडात धरून होती.

मला तेव्हा जो राग आला तसा पुन्हा कधी आला नाही. नवरा वारला तेव्हा देवाचासुद्धा नाही. माझ्या बोटाचा यांनी प्रसाद करून वाटला. लोक पांगल्यावर, अजून धूप दरवळत होता, मी दोघांच्या पुढ्यात जाऊन बसले.

“बाबा, बुराक व्हडलो जाला तें तुका खबर आसलें?”

बाबांनी नारळाच्या शेंडीशी चाळा केला. “आसलें,” म्हणाले. ठाऊक होतं.

“काका, खीळ ढिली वता तें तुका केन्ना कळ्ळें?”

“हातांत घेतनाच कळ्ळें.” म्हणजे पहिल्याच खिळीपासून.

“कागद तेखातीर घालूंक ना?”

काका धुपाची राख चिमटीने सारखी करायला लागला. म्हणजे हो. भाषेचा अभिमान म्हणून नव्हे, खीळ झाकायला. मला शिकवलेली विद्या मलाच फसवायला वापरली होती त्याने.

“मागीर उलयले कित्याक ना?” मग बोलला का नाहीत, एवढंच मला हवं होतं.

“ताणें पयलीं उलोवपाक जाय आसलें,” काका म्हणाला, म्हणजे आधी थोरल्याने बोलायला हवं होतं. बाबा म्हणाले, “धाकट्यान विचारपाचें.” आणि एवढं बोलून दोघे एकमेकांकडे बघून चक्क ओशाळं हसले. मिटलं सगळं. त्यांच्यापुरतं मिटलं होतं. मी म्हटलं, सुऱ्या परत आणायला हव्यात. पावसाळाभर विकलेल्या सगळ्या. माझं बोट गेलं, उद्या कुणाच्या मुलाचं जाईल. बाबांचा चेहरा बदलला. “नांव वतलें,” म्हणाले. आजोबांच्या वेळेपासूनचं नाव जाईल. पुढच्या सुऱ्या बरोबर करू, झालं ते झालं. मी काकाकडे पाहिलं. त्याला तरी वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “बाबा बरें सांगता. ओगी राव तूं.” मी गप्प राहायचं. वर्षभर ज्याचं एक अक्षर त्याला पटत नव्हतं, त्या भावाचं हेच एक त्याला पटलं.

बुधवार हा डिचोलीच्या बाजाराचा दिवस. मी आईला सांगितलं, मी जाते. तिने मला अडवलं नाही. हाताची पट्टी नीट केली आणि एक गोणपाट काढून दिलं. आमची सुऱ्या विकायची जागा ठरलेली होती, भाजीवाल्यांच्या कडेला. तिथे मी रिकामं गोणपाट पसरून बसले.  मग हाक दिली. चारींच्या मिटायच्या सुऱ्या घेतलेल्या असतील त्यांनी परत आणा, खीळ ढिली आहे, पातं हातावर मिटतं, बदली सुरी मिळेल. हे मराठीत ओरडले, मग कोंकणीत ओरडले, मग पुन्हा मराठीत. राजभाषेचा प्रश्न त्या दिवसापुरता मी सोडवला. मासेवाल्या म्हणाल्या, पिशें लागलां तिका. सुपारीवाला म्हणाला, मेस्ताचं नाव पोरीने धुळीला मिळवलं. दुपारपर्यंत माझ्यासमोर एक सुरी आली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे मी पट्टी बांधलेला हात धरत होते. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण लाजेपेक्षा राग मोठा होता, आणि रागाने मला तिथे बसवून ठेवलं.

कोल्हापूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर उंडे घेऊन चालला होता. तो थांबला. “काय झालं गं पोरी हाताला?” मी सांगितलं. त्याने खिशातून सुरी काढली, उघडली आणि पातं हलवून पाहिलं. ते डुललं. “आरं तिच्या. मला वाटलं, धूळ गेली असंल आत. आमचं पोरगं ह्याच चाकूनं ऊस सोलतंय की गं.” त्याने ती माझ्यापुढे गोणपाटावर ठेवली आणि तिथेच उभा राहिला, पुढच्या माणसाला स्वतः सांगत. मग एक बाई आली. मग एक जण घरी जाऊन घेऊन आला. ज्याची सुरी आली त्याचं पातं मी हलवून दाखवत होते. ज्यांचं अजून घट्ट होतं त्यांना सांगत होते, डुलेल.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि बाबा आणि काका आले. खांद्याला खांदा लावून, एका पावलाने. वर्षभरात त्यांना कुणी असं चालताना पाहिलं नव्हतं, आणि चालले होते ते मला गप्प करायला.

“घरा चल,” बाबा म्हणाले.

“नांव घालयलें आमचें,” काका म्हणाला. मग बाबा गर्दीकडे वळून म्हणाले, सुऱ्या बऱ्या आहेत, पोर दुखण्याने बिथरली आहे. काकाने मान डोलावली.

आमच्याकडे सुरी कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, घेणाऱ्याने आपण उचलायची. मी ड्रायव्हरची ती सुरी उघडली आणि गोणपाटाच्या कडेला, त्यांच्या पायांशी ठेवली.

“बरी आसा जाल्यार टोकार दामून दाखय,” मी म्हटलं. “बोटां पात्या सकयल दवरून. बाबा, तूं दाम. ना जाल्यार काका, तूं.”

टोक दाबायचं, तेही बोटं मिटणाऱ्या पात्याखाली ठेवून, एवढंच मी मागत होते. सगळा बाजार बघत होता. बाबांनी काकाकडे पाहिलं, काकाने बाबांकडे. सख्खे भाऊच ते, एकमेकांच्या मनातलं त्यांना न बोलता कळत होतं. आधी एकाने आणि लगेच दुसऱ्याने हात पाठीमागे घेतले.

“कुणीच उचलंना व्हय,” ड्रायव्हर म्हणाला.

मी ती सुरी उचलली, सांभाळून मिटली, आलेल्या सुऱ्यांत ठेवली आणि पुन्हा ओरडायला लागले.